लाइट आली, पण झेड ड्राइव्ह आला नाही: विंडोज पीसीवरून एनएफएस फोल्डर वारंवार तुटतो तेव्हा

संध्याकाळपर्यंत झेड ड्राइव्ह, म्हणजे पीसीला जोडलेला सर्व्हरवरचा फोल्डर, चालू असतो. रात्री लाइट जाते, पहाटे येते आणि सकाळी ऑफिस उघडलं की त्याच ड्राइव्हवर लाल फुली. सर्व्हर बंद-चालू केला की दोन पीसी लागतात, तिसरा लागत नाही, चौथ्यावर फोल्डर उघडतो पण आत काहीच नसतं. जळगाव एमआयडीसीतलं चटई कारखान्याचं ऑफिस, धरणगाव-पाचोऱ्याकडची जिनिंग, धुळे-शिरपूरच्या कॉलेजांतल्या लॅब, जिथे डेटा लिनक्स सर्व्हरवर आणि काम करणारी माणसं विंडोजवर, तिथे ही तक्रार ठरलेली. मग केबल बदलली जाते, नवा स्विच येतो, आठवडा बरा जातो आणि पुढच्या लोडशेडिंगला पुन्हा तेच.

केबलचा दोष यात क्वचितच असतो. एनएफएस, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर नेटवर्कवरून पीसीला वापरायला देण्याची पद्धत, तीन ओळखींवर चालतं: मागणारा पीसी कोणत्या आयपीवरून बोलतोय, मागितलेली फाईल कोणत्या डिस्कवरची कितवी आहे, आणि मागणारा माणूस कितव्या क्रमांकाचा वापरकर्ता आहे. नेहमीच्या मांडणीत पासवर्ड कुठेच विचारला जात नाही. लाइट गेल्यावर यंत्रं वाटेल त्या क्रमाने उठतात आणि या तीनपैकी एखादी ओळख बदललेली असते. म्हणून ‘बंद-चालू करा’ हा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही. तीनही ओळखी एकदा पक्क्या केल्या की रोजची धावपळ थांबते.

खालच्या उदाहरणांत सर्व्हरचा आयपी १९२.१६८.१.१०, शेअर केलेला फोल्डर /डेटा, ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ (१९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते) आणि डेटाच्या मालकाचा यूआयडी (लिनक्सवरचा वापरकर्ता क्रमांक) १००० असं धरलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपी आणि रोमन आकडे वापरा. लिनक्सवर लहान अक्षरंच हवीत, तिथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो. फक्त एफएसटॅबमधला ‘यूयूआयडी=’ हा शब्द मोठ्या अक्षरांत.

आधी विंडोजच्या बाजूचं एक सत्य

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं. त्याची तिसरी आवृत्ती १९९५ ची. विंडोज १० आणि ११ मधला ‘क्लायंट फॉर एनएफएस’ दुसरी आणि तिसरी आवृत्तीच बोलतो, चौथी बोलत नाही. लिनक्स पीसी मात्र आपणहून चौथी आवृत्ती वापरतात. या एका फरकातून अर्धे गोंधळ होतात: लॅबमधले उबंटूचे पीसी छान चालतात, विंडोजचे चालत नाहीत आणि ‘सर्व्हर तर ठीक आहे’ असा निष्कर्ष निघतो.

सर्व्हरवर तिसरी आवृत्ती चालू आहे का, हे असं पाहायचं:

कॅट /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/व्हर्जन्स

उत्तरात +३ दिसलं पाहिजे. -३ असेल तर /ईटीसी/एनएफएस.कॉन्फ या फाईलमध्ये [एनएफएसडी] विभागाखाली व्हर्स३=वाय लिहून एनएफएस-सर्व्हर ही सेवा रीस्टार्ट करा. सर्व्हरची सिस्टिम अपग्रेड केल्यानंतर सगळे विंडोज पीसी एकदम तुटले असतील, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

विंडोजच्या होम आवृत्तीत हा क्लायंट मिळतच नाही. प्रो, एंटरप्राइझ, एज्युकेशन यांत मिळतो: कंट्रोल पॅनल, प्रोग्रॅम्स, ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’, त्यात ‘सर्व्हिसेस फॉर एनएफएस’ आणि त्याखालच्या दोन्ही खुणा. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’ची खूण सोडू नका, पुढच्या तपासाची साधनं त्यातच आहेत.

कुठे अडकलंय ते शोधणं

तक्रार असलेल्या पीसीवर साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरशेल नको, तिथे फोल्डर जोडणाऱ्या ‘माउंट’ आज्ञेचं नाव पॉवरशेलच्या स्वतःच्या दुसऱ्याच आज्ञेला दिलेलं आहे, त्यामुळे बरोबर लिहिलेली ओळसुद्धा चूक दाखवते. मग या क्रमाने चालवा:

पिंग १९२.१६८.१.१०
आरपीसीइन्फो -पी १९२.१६८.१.१०
शोमाउंट -ई १९२.१६८.१.१०

पिंगच येत नसेल तर एनएफएसकडे वळूच नका. स्विच, वायर, आयपी पाहा. पिंग येतो पण आरपीसीइन्फो अडकतं, म्हणजे पोर्ट (सेवेचं नेटवर्कवरचं दार) १११ बंद आहे किंवा सर्व्हरवर आरपीसीबाइंड, म्हणजेच कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे हे सांगणारी पोर्टमॅपर सेवा, उठलेली नाही. आरपीसीइन्फोची यादी आली तर तिच्यात चार क्रमांक शोधा: १००००० हा पोर्टमॅपर, १००००३ हा एनएफएस, १००००५ हा माउंटडी आणि १०००२१ हा फाईल-कुलपांचा. १००००३ च्या ओळींत आवृत्ती ३ हवी. यादी पूर्ण आहे आणि तरीही शोमाउंट लटकतं, हे सगळ्यात जास्त वेळा दिसणारं चित्र. त्याचं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं.

काल चालणारा फायरवॉल आज का अडवतो

एनएफएसचा पोर्ट २०४९, पोर्टमॅपरचा १११. हे दोन कायमचे. पण तिसऱ्या आवृत्तीत फोल्डर जोडून देण्याचं काम माउंटडी करतो आणि ठरवून दिलेला नसेल तर तो दर वेळी सुरू होताना मिळेल तो पोर्ट घेतो. कुणीतरी एकदा आरपीसीइन्फोमध्ये पाहून तो आकडा फायरवॉलमध्ये उघडून दिलेला असतो. महिनाभर सर्व्हर बंदच होत नाही, सगळं सुरळीत. मग लाइट जाते, माउंटडी नव्या पोर्टवर उठतो आणि फायरवॉल जुन्याच दारावर पहारा देत राहतो. आधीच उघडं असलेलं एखादं कनेक्शन या सगळ्यात तगून जातं, म्हणून एका पीसीवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. चौथ्या आवृत्तीला फक्त २०४९ लागतो. लिनक्स पीसींना काहीच जाणवत नाही ते त्यामुळे.

यावर फायरवॉल बंद करणं हा उपाय नव्हे. माउंटडी, फाईल-कुलपं सांभाळणारा लॉकडी आणि त्याचा जोडीदार स्टॅटडी यांचे पोर्ट बांधून टाका. /ईटीसी/एनएफएस.कॉन्फमध्ये:

[माउंटडी]
पोर्ट=२००४८
[स्टॅटडी]
पोर्ट=६६२
[लॉकडी]
पोर्ट=३२८०३
यूडीपी-पोर्ट=३२७६९

लॉकडी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मॉड्यूलमध्ये बसतो आणि आधीच चढलेला असेल तर नवा आकडा घेत नाही, म्हणून या बदलानंतर सर्व्हर एकदा पूर्ण रीस्टार्ट करा. मग हे पोर्ट आणि १११, २०४९ असे सगळे फक्त १९२.१६८.१.०/२४ साठी उघडा. सर्व्हरवर फायरवॉलडी (लिनक्सचा एक फायरवॉल) असेल तर एनएफएस, माउंटडी, आरपीसी-बाइंड या तयार नावांच्या सेवा त्यात असतात, पण लॉकडी आणि स्टॅटडीचे पोर्ट हाताने घालावे लागतात. ते विसरलं तर फोल्डर उघडतो, फाईल वाचता येते, आणि एक्सेल सेव्ह करताना गोठतं.

यानंतर आरपीसीइन्फो चालवून आकडे लिहून ठेवा, सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करा, पुन्हा चालवा. आकडे तेच आले तर हा धागा संपला.

रिकामा फोल्डर आणि ‘गायब’ झालेल्या फाईल

हा बिघाड सगळ्यात धोक्याचा, कारण यात एरर येतच नाही.

डेटा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर असतो आणि ती /डेटा या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे जोडली जाते. लाइट आल्यावर सर्व्हर उठतो, डिस्क फिरायला वेळ लागतो किंवा तिच्या अ‍ॅडाप्टरलाच वीज नसते, आणि एनएफएस सेवा तोपर्यंत सुरू होते. तिला /डेटा हा फोल्डर दिसतो, पण तो डिस्कचा नसून सर्व्हरच्या मूळ डिस्कवरचा रिकामा फोल्डर असतो. तोच ती सगळ्यांना देते. वजनकाट्यावरचा पीसी त्यात सकाळच्या गाड्यांच्या नोंदी लिहायला लागतो. दहा वाजता कुणीतरी डिस्क हलवून जोडतं, खरा डेटा दिसायला लागतो आणि सकाळच्या नोंदी नाहीशा होतात.

त्या नोंदी पुसलेल्या नसतात, माउंट झालेल्या डिस्कच्या खाली झाकल्या गेलेल्या असतात. सर्व्हरवर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून:

माउंट --बाइंड / /एमएनटी

आता /एमएनटी/डेटा या वाटेने खालचा फोल्डर दिसतो. तिथल्या फाईल खऱ्या /डेटामध्ये हलवा आणि काम झाल्यावर यूमाउंट /एमएनटी करा. सर्व्हर फॉरमॅट करण्याआधी किंवा बॅकअपमधून जुना डेटा वर चढवण्याआधी हे नक्की पाहा. एका दिवसाची आवक यात परत मिळू शकते.

पुन्हा होऊ नये म्हणून चार गोष्टी करा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्क एसडीबी१ अशा नावाने न लिहिता यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने) लिहा, कारण दुसरा पेन ड्राइव्ह लागलेला असला की एसडीबीची एसडीसी होते. एक्स्पोर्टच्या, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर देणाऱ्या ओळीच्या, पर्यायांत माउंटपॉइंट हा शब्द घाला. मग डिस्क प्रत्यक्ष माउंट असेल तरच सर्व्हर फोल्डर देतो, नाहीतर पीसीवर सरळ एरर येते. एरर येणं इथे चांगलं. तिसरी गोष्ट, डिस्क काढलेली असताना रिकाम्या फोल्डरला कुलूप लावा:

सीएचअ‍ॅटर +आय /डेटा

यामुळे त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलाही लिहिता येत नाही, आणि वर डिस्क माउंट झाली की तिच्यावर याचा काहीच परिणाम होत नाही. चौथी, डिस्कवर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस ही लिनक्सची मांडणी ठेवा. दुकानातून आणलेली, विंडोजच्या एनटीएफएस मांडणीची डिस्क फ्यूजमधून (अशा परक्या डिस्क जोडणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) तशीच एक्स्पोर्ट केली तर सर्व्हर एफएसआयडी (डिस्कचा ओळख-आकडा) हाताने मागतो आणि तो दिला तरी फाईलची ओळख टिकत नाही.

त्या ओळखीमुळेच ‘स्टेल फाईल हँडल’ ही एरर येते. पीसीने फाईल उघडताना सर्व्हरकडून एक टोकन घेतलेलं असतं, त्यात डिस्कची आणि फाईलची ओळख असते. डिस्क बदलली, पुन्हा फॉरमॅट झाली किंवा एफएसआयडी बदलला की पीसीच्या हातातलं टोकन शिळं होतं. विंडोजवर यूमाउंट -एफ झेड: करून पुन्हा माउंट करा. पर्यायांत एफएसआयडी=१० असा एखादा ठरलेला आकडा दिला तर डिस्कचं नाव बदललं तरी टोकन चालतं; मात्र दोन फोल्डरना एकच आकडा देऊ नका आणि शून्य वापरू नका, शून्याला चौथ्या आवृत्तीत वेगळा अर्थ आहे.

आयपी बदलणं आणि एक्स्पोर्टची ओळ

लाइट आल्यावर राउटर नव्याने आयपी वाटतो. काल १९२.१६८.१.२३ असलेला पीसी आज .३१ होतो. एक्स्पोर्टच्या फाईलमध्ये एकेका पीसीचा आयपी लिहिला असेल तर परवानगी जुन्या आकड्याला असते आणि पीसीवर ‘नेटवर्क एरर ५३’ येते. तिचा शब्दार्थ ‘रस्ता सापडला नाही’ असा असल्याने लोक नावाचं स्पेलिंग तपासत बसतात. सर्व्हरला आयपी कायमचा द्या, पीसींसाठी राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून आयपी राखून ठेवा किंवा एक्स्पोर्टमध्ये पूर्ण नेटवर्क लिहा. /ईटीसी/एक्स्पोर्ट्समधली ओळ अशी:

/डेटा १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,माउंटपॉइंट,एफएसआयडी=१०,ऑल_स्क्वॉश,अ‍ॅनॉनयूआयडी=१०००,अ‍ॅनॉनजीआयडी=१०००)

पत्ता आणि कंस यांच्यात मोकळी जागा सोडू नका. एका स्पेसने अर्थ उलटतो: ऑफिसच्या नेटवर्कला साधी वाचण्याची परवानगी मिळते आणि लिहिण्याची परवानगी जगातल्या कुणालाही. ओळ बदलल्यावर एक्स्पोर्टएफएस -आरए आणि मग एक्स्पोर्टएफएस -व्ही चालवून सर्व्हरने ती कशी वाचली ते डोळ्यांनी पाहा.

फोल्डर दिसतो, पण सेव्ह होत नाही

आता तिसरी ओळख, वापरकर्त्याचा क्रमांक. विंडोजला लिनक्सचे क्रमांक माहीत नसतात, म्हणून तो सर्व्हरला -२ हा यूआयडी सांगतो. तो क्रमांक कुणाचाच नाही. वाचायला मिळतं, लिहायला नाही. वरच्या ओळीतला ऑल_स्क्वॉश हा यावरचा सर्व्हरच्या बाजूचा उपाय: कुणीही, कोणत्याही क्रमांकाने आलं तरी त्याला १००० समजा. सगळ्या ऑफिसचा एकच सामायिक फोल्डर असेल तर हाच घ्यावा. पीसी बदलला, विंडोज नव्याने टाकलं, तरी काही करावं लागत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र लिनक्सचे विद्यार्थी आपापल्या क्रमांकाने येतात, तिथे सगळ्यांना एकाच नावावर टाकून चालत नाही. मग ऑल_स्क्वॉश काढा आणि विंडोज पीसीची रजिस्ट्री बदला: एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, क्लायंटफॉरएनएफएस, करंटव्हर्जन, डीफॉल्ट. तिथे अ‍ॅनॉनिमसयूआयडी आणि अ‍ॅनॉनिमसजीआयडी या नावाच्या दोन डीवर्ड नोंदी करून १००० भरा. भरताना ‘डेसिमल’ निवडा. खिडकी उघडते तेव्हा ‘हेक्साडेसिमल’ निवडलेलं असतं आणि त्यात १००० लिहिलं तर खरा आकडा ४०९६ होतो. सगळं बरोबर करूनही सेव्ह होत नाही असं म्हणणाऱ्या पीसीवर आधी हेच तपासा. मग अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये एनएफएसअ‍ॅडमिन क्लायंट स्टॉप आणि एनएफएसअ‍ॅडमिन क्लायंट स्टार्ट.

सर्व्हरवर एलएस -एलएन /डेटा चालवलं की मालक नावाऐवजी आकड्यात दिसतो. तपासताना आकडेच पाहावेत. नावं फसवतात, कारण दोन यंत्रांवर एकच नाव वेगळ्या क्रमांकाचं असू शकतं.

एकाने बनवलेली फाईल दुसऱ्याला बदलता येत नसेल तर विंडोजचा ठरलेला परवानगी-मोड ७५५ आड येतो, त्यात गटाला लिहिण्याचा हक्क नसतो. माउंट करताना फाइलअ‍ॅक्सेस=७७५ द्या. आणि लिनक्स वापरकर्ता १६ पेक्षा जास्त गटांत असेल तर सतराव्या गटाची परवानगी सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, कारण या पद्धतीच्या निरोपात जागाच १६ गटांची आहे. सर्व्हरवर माउंटडीला मॅनेज-जीआयडीज हा पर्याय दिला की सर्व्हर गट स्वतः शोधतो.

विंडोजवर जोडण्याची ओळ

माउंट -ओ अ‍ॅनॉन,एमटाइप=हार्ड,फाइलअ‍ॅक्सेस=७७५ \\१९२.१६८.१.१०\डेटा झेड:

ही ओळ साध्या प्रॉम्प्टमध्ये चालवा. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून जोडलेला ड्राइव्ह त्या प्रॉम्प्टमध्ये दिसतो आणि माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, कारण विंडोज त्या दोघांना वेगवेगळी लॉगिन समजतं.

एमटाइप न लिहिता सोडलं तर तो सॉफ्ट असतो: सर्व्हरने थोडा वेळ उत्तर दिलं नाही की विंडोज हार मानतं आणि चालू कॉपी अर्धवट तुटते. हार्डमध्ये तो सर्व्हर परत येईपर्यंत थांबतो. विंडो गोठल्यासारखी दिसते, माणसं वैतागतात, पण फाईल तुटकी राहत नाही. जिथे लाइट दिवसातून दोनदा झोल खाते तिथे हार्डच हवा. फाईल-कुलूप बंद करणारा नोलॉक हा पर्याय मात्र सरसकट लावू नका. एक्सेल गोठतं म्हणून तो सुचवला जातो आणि गोठणं थांबतंही, पण मग दोघं एकाच वेळी एकच फाईल लिहू शकतात आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचीच प्रत उरते. गोठण्याचं मूळ बहुतेकदा वर सांगितलेल्या लॉकडीच्या पोर्टमध्ये असतं, किंवा पीसीचं नेटवर्क ‘पब्लिक’ असल्याने विंडोजचा फायरवॉल सर्व्हरचं उलट उत्तर अडवत असतो. ते ‘प्रायव्हेट’ करा.

लॉगिनच्या वेळी आपोआप जोडायला स्टार्टअप फोल्डरमध्ये बॅच फाईल ठेवा. तिने नुसता पिंग तपासून थांबू नये, कारण पिंगला सर्व्हर उत्तर देतो तेव्हा एनएफएस सेवा उठलेली असेलच असं नाही. त्यापेक्षा खऱ्या डिस्कवर एक छोटी खुणेची फाईल ठेवा, आणि बॅच फाईलने यूमाउंट -एफ झेड: करून माउंट करावं, ती खूण झेडवर दिसते का पाहावं, नसेल तर १५ सेकंद थांबून पुन्हा करावं. खूण दिसली म्हणजे सर्व्हर, सेवा आणि डिस्क तिघंही जागेवर आहेत.

सर्व्हर नुकताच उठला असेल तर फोल्डर लगेच उघडेल, पण कुलूप लागणारं काम सुमारे ९० सेकंद अडेल. जुन्या पीसींनी आपापली कुलपं परत मागावीत म्हणून सर्व्हर तेवढा वेळ नव्यांना थांबवतो. या दीड मिनिटात कुणी घाईने सर्व्हर पुन्हा बंद-चालू केला की मोजणी पहिल्यापासून.

मराठी नावांच्या फाईल

‘कापूस आवक.एक्सएलएसएक्स’ लिनक्सवर नीट दिसते आणि विंडोजवर एका अक्षराजागी तीन-तीन परकी चिन्हं येतात. लिनक्स नाव यूटीएफ-८ मध्ये ठेवतं, त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं. विंडोजचा एनएफएस क्लायंट ते तीन बाइट सुटे वाचतो. त्याच्या लँग पर्यायात जपानी, कोरियन, चिनी पद्धती आहेत, देवनागरी नाही, आणि अ‍ॅन्सी निवडूनही उपयोग नाही, कारण विंडोजमध्ये मराठीसाठी युनिकोडच्या आधीच्या त्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) नाही. उलट बाजूने, विंडोजवरून मराठी नाव दिलं तर प्रश्नचिन्हं येतात किंवा फाईल तयारच होत नाही.

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून एक मार्ग आहे: कंट्रोल पॅनल, रीजन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, ‘चेंज सिस्टिम लोकेल’, आणि तिथली यूटीएफ-८ ची ‘बीटा’ खूण. रीस्टार्टनंतर एनएफएसवरची मराठी नावं वाचता येतात. पण हा बदल पूर्ण पीसीला लागू होतो. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टवर चालणारी डीटीपीची किंवा हिशोबाची सॉफ्टवेअरं त्याने बिघडू शकतात, म्हणून आधी एकाच पीसीवर दोन दिवस चालवून पाहा. छापखान्यांत तर जपूनच.

लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची. देवनागरीत ती ८५ चिन्हांवर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं त्यात मोजलं जातं. गावाचं, व्यापाऱ्याचं नाव, तारीख आणि वाहन क्रमांक एकाच नावात कोंबणाऱ्यांची फाईल ‘नाव फार लांब’ म्हणून अडते ती यामुळे. तसंच लिनक्सवरून दिलेल्या नावात ‘१०:३०’ असा विसर्गासारखा कोलन, प्रश्नचिन्ह किंवा तारा असेल तर विंडोजला ते नाव चालत नाही. वेळ लिहायची असेल तर १०-३० लिहा.

यूपीएस कुठे लावायचा

सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या सॉकेटवर, ही चूक फार ठिकाणी दिसते. लाइट क्षणभर गेली की सर्व्हर जागा राहतो, पण त्याच्यापर्यंतचा रस्ता जातो. सर्व्हर, बाहेरच्या डिस्कचा अ‍ॅडाप्टर, स्विच, राउटर, चौघंही एकाच यूपीएसवर हवेत. डिस्कचा अ‍ॅडाप्टर राहून गेला तर सर्व्हर चालू असताना डिस्क खाली पडते, आणि तो प्रकार सर्व्हर बंद पडण्यापेक्षा वाईट. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ बसवा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत सर्व्हर स्वतः नीट बंद होतो.

वेगासाठी एक्स्पोर्टमधला सिंक काढून असिंक लावू नका. असिंकमध्ये सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच ‘लिहिलं’ असं कळवतो. त्या काही सेकंदांत लाइट गेली तर पीसीला वाटतं सेव्ह झालं आणि डिस्कवर काही नसतं. आपल्याकडच्या विजेवर हा सौदा परवडत नाही.

सर्व्हरच्या बायॉसमध्ये ‘वीज परत आल्यावर’ हा पर्याय ‘चालू हो’ असा ठेवा आणि पीसींच्या बायॉसमध्ये ‘बंद राहा’. मग पहाटे लाइट आली की सर्व्हर एकटा उठतो आणि माणसं येईपर्यंत सगळं जागेवर असतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या डिस्कचं तापमान स्मार्टसीटीएल -ए ने पाहा, १९४ क्रमांकाच्या ओळीत ५५ च्या पुढचा आकडा दिसला तर डिस्क हवेशीर जागी हलवा. तापून पुन्हा पुन्हा सुटणारी डिस्कही ‘स्टेल फाईल हँडल’ देते.

यादी येते, मोठी फाईल लटकते

फोल्डरची यादी झटकन येते, छोट्या फाईल उघडतात, मोठी कॉपी काही केबींनंतर थांबते: सर्व्हरवर एमटीयू (एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट) ९००० आणि वाटेतला स्विच १५०० वर. १५०० ची वाट मोकळी आहे का ते तपासायला पीसीवरून पिंग -एफ -एल १४७२ १९२.१६८.१.१०. हे गेलं पाहिजे. १४७२ मध्ये २८ हेडरचे मिळून १५०० होतात. सगळीकडे १५०० ठेवा, छोट्या ऑफिसात मोठ्या एमटीयूचा फायदा जाणवत नाही. कॉपी चालते पण वेग सेकंदाला ११-१२ एमबीवर अडतो, तर गिगाबिटची जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. आठपैकी एक तार तुटलेली किंवा क्लिप सैल. केबलचा दोष खरोखर असतो तो इथे.

एनएफएसच हवं का

सर्व्हरच्या त्या फोल्डरला फक्त विंडोज पीसी वापरत असतील तर सांबा (विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीने फोल्डर देणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) लावा. त्यात नाव-पासवर्डाने ओळख पटते, मराठी नावं बिनतक्रार चालतात, विंडोज होमवरही चालतं आणि पोर्ट एकच, ४४५. टॅलीसारखा अनेकजण एकाच वेळी लिहितात असा डेटा एनएफएसवर ठेवूच नये. एनएफएसचं स्थान तिथे, जिथे तोच फोल्डर लिनक्स यंत्रंही वापरतात किंवा एखादं उपकरण एनएफएसशिवाय काही जाणत नाही. लिनक्सला एनएफएस आणि विंडोजला सांबा असा एकच फोल्डर दोन्ही वाटांनी देता येतो. फक्त सांबाच्या सेटिंगमध्ये त्या शेअरसाठी ऑपलॉक्स=नो करा. तसं न केल्यास विंडोज फाईलची प्रत स्वतःजवळ धरून ठेवतं आणि एनएफएसवरून आलेला बदल त्याला दिसत नाही.